"देव बघेल" : एका नकाराचं प्रकरण

फाइलमध्ये माझ्याच हातची नोंद आहे : "पोटात नळी बसवायला पत्नीचा नकार, दुसऱ्यांदा. कारण – देवावर विश्वास." ती वाचली की आजही ओशाळायला होतं. नकार खरा होता. कारण मी चुकीचं लिहिलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे कळायला मला दीड महिना लागला. रुग्णाच्या हाताशी जेमतेम तेवढाच वेळ होता.

मी दुर्धर आजार असलेल्या घरांत समुपदेशक म्हणून जाते. औषधपाणी डॉक्टर बघतात, जखमा आणि नळ्या नर्स बघते. माझ्या वाट्याला उरलेलं येतं : भीती, अबोला, हिशेब, आणि बहुतेक घरांत देव. पुढचं प्रकरण एका घराचं म्हणून लिहिलं आहे, पण ओळख पटू नये म्हणून अशाच दुसऱ्या घरांतले तपशील त्यात मिसळले आहेत. घर कोणत्या धर्माचं होतं ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की निम्मे वाचक "त्यांच्यात तसंच असतं" म्हणून मोकळे होतात.

आजार आणि घर

रुग्ण ५२ वर्षांचे शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत, मीही. आधी उजव्या हातातून खडू निसटायला लागला, मग शर्टाचं बटण लागेना. मानेचा मणका असेल, नस दबली असेल, असं करत निदानापर्यंत पोचायला ११ महिने गेले. निदान निघालं एएलएसचं, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. या आजारात इतका उशीर नवा नाही. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात त्या या आजारात मरत जातात. हात जातात, पाय जातात, जीभ आणि घसा जातो, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बुद्धी मात्र बऱ्याच जणांची शाबूत राहते. माणूस आतून सगळं बघत असतो. दहातल्या साधारण नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो, त्यामुळे "आमच्याच घरात का?" याला डॉक्टरांकडेही उत्तर नसतं. रिल्युझोल नावाची गोळी आहे, ती आयुष्य दोन-तीन महिन्यांनी लांबवते. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात.

अपवाद असतात, आणि ताईंनी अपवाद बरोबर शोधून काढला होता. ताई म्हणजे सरांच्या पत्नी. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, याच आजाराचं निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. ताईंनी त्यांचा फोटो सरांच्या पलंगासमोर लावला होता. "देवाच्या मनात आलं तर पंचावन्न वर्षंसुद्धा देतो," असं त्या मला म्हणाल्या. हॉकिंग देव मानत नव्हते. हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे कधीतरी सरांनीच सांगितलं, आणि आपण विनोद केला म्हणून दिवसभर खूश होते.

घरात मुलगा २४ वर्षांचा, मुलगी १७ वर्षांची. मुलीने औषधांचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं आणि ती कुणाशी फारसं बोलत नसे. मुलगा आईशी भांडत असे. ताई पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थनेला बसत. आठवड्यातून एकदा त्यांचं प्रार्थनामंडळ घरी यायचं. त्या बायका सरांसाठी प्रार्थना करत आणि जाताना ताईंचं धुणं घडी करून ठेवत. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे याच मंडळातल्या एका वाक्याने घोटाळा झाला.

नळी

मी पहिल्यांदा गेले तेव्हा निदानाला आठ महिने झाले होते. सरांना गिळायला त्रास होत होता. एका जेवणाला पाऊण-एक तास लागे, त्यात चार-पाचदा ठसका, आणि प्रत्येक ठसक्याला सगळं घर श्वास रोखून बसे. वजन ६४ किलोवरून ५६ वर आलं होतं.

अशा वेळी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात एक बारीक नळी बसवतात आणि पातळ अन्न त्यातून देतात. दुर्बिणीतून होणारं छोटं काम आहे. पण त्याला मुदत असते. फुफ्फुसांची फुंकण्याची क्षमता अपेक्षेच्या निम्म्याखाली जायच्या आत नळी बसवलेली बरी असं डॉक्टर सांगतात, कारण त्यानंतर गुंगीचं औषध देणं जोखमीचं होतं. सरांची क्षमता तीन महिन्यांत ६८ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर आली होती. डॉक्टरांनी दोनदा सुचवलं. ताई दोन्ही वेळा म्हणाल्या, "देव बघेल."

पहिल्या भेटीत मी जे करायला नको तेच केलं. आकडे मांडले. वजन, टक्के, महिने. ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं, एक आकडा तर माझा चुकला तो दुरुस्त केला, आणि पुन्हा म्हणाल्या, "देव बघेल." म्हणजे त्यांना माहिती कमी होती असं मुळीच नाही. "श्रद्धाळू बाई आहे, समजत नाही" असा सूर आमच्या टीममध्ये लागला होता. तो मीही लावला होता.

दुसऱ्या भेटीत मी आकडे घरीच ठेवले. विचारलं, "ताई, नळी बसवली तर देवाला काय वाटेल असं तुम्हाला वाटतं?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी हात टेकले असं वाटेल."

प्रकरणाची सगळी गाठ इथे होती. मंडळातल्या एका बाईंनी कुणा नातेवाइकाची गोष्ट सांगितली होती : डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण घरच्यांनी तिळभरही शंका घेतली नाही आणि माणूस उठून बसला. बाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. ताईंनी त्यातून घेतलं ते असं, की देव मनातली शंका मोजतो. मग पुढचा हिशेब सरळच आहे. नळी म्हणजे तयारी, तयारी म्हणजे शंका, आणि शंका आली की बरं होणं हुकलं. म्हणजे सर वाचले नाहीत तर दोष आजाराचा नसेल, त्या एका क्षणी डगमगलेल्या बायकोचा असेल. हे ओझं घेऊन ही बाई पहाटे चारला उठत होती. मी ज्याला "विश्वास" लिहिलं होतं ती भीती होती, आणि तीही देवाची कमी, स्वतःच्या मनाचीच जास्त.

इथे थोडं विषयांतर करते. धर्म आणि संकट यांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तीन वाटा मांडल्या होत्या. काही माणसं म्हणतात, देवाने बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो. काही सगळंच देवावर टाकून थांबतात. आणि काही देवाला कामातला भागीदार मानतात, थोडं मी, थोडं तू. ताईंना मी मनातल्या मनात दुसऱ्या खणात टाकून मोकळी झाले होते. पण जी बाई दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलते, जिला टक्केवारी माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे, ती काहीच देवावर टाकून बसलेली नव्हती. तिचा भागीदार तिच्यावर डोळा ठेवून आहे असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं, एवढंच.

सरांचं म्हणणं

इतके दिवस सरांना कुणी नीट विचारलंच नव्हतं, हे लिहितानाही कसंतरी होतं. त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं होतं. एका पुठ्ठ्यावर अक्षरं ओळीने लिहिलेली होती. आपण ओळींवरून बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की ते पापणी मिटत, मग त्या ओळीतलं अक्षर. एका वाक्याला दहा मिनिटं. घाईत असलेल्या घराला दहा मिनिटं परवडत नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना हो-नाहीचेच प्रश्न विचारत आणि "नळी नको ना?" असा प्रश्न आला की ताईंकडे बघून ते पापणी मिटून टाकत.

त्या दिवशी मी म्हटलं, आज घाई नाही. पुठ्ठा मुलाने धरला. ताई पलंगाच्या पायथ्याशी. नळीबद्दल तुमचं काय, असं विचारलं. अक्षर अक्षर जमत गेलं आणि मुलगा मोठ्याने वाचत गेला :

"देव बघेलच. तोवर भूक लागते."

मुलगा हसला, मग रडला. ताई उठून बाहेर गेल्या. मी मागे गेले नाही. कधी मागे जाऊ नये हे या कामात शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

एवढ्यावर काम झालं असं वाटेल, पण झालं नाही. ताईंना सरांचं म्हणणं पटलं होतं, तरी मंडळातल्या बायका काय म्हणतील हे अडत होतं. नवऱ्याने दिलेली परवानगी त्यांना पुरेना, देवाच्या बाजूच्या कुणाची तरी हवी होती. मी कितीही समजावलं तरी त्यांच्या लेखी मी दवाखान्याची माणूस. मंडळात एक सत्तरीच्या आजी होत्या, त्यांचा शब्द सगळ्या मानत. ताईंना विचारून मी त्यांना डॉक्टरांबरोबरच्या पुढच्या बैठकीला बोलावलं. आमच्या टीममधल्या काहींना हे आवडलं नाही. मला आजही वाटतं की या प्रकरणात मी धड केलेली गोष्ट असेल तर हीच.

आजींनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं, नळी हातात घेऊन बघितली आणि ताईंना म्हणाल्या, "अगं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तू मला डबा आणलास. तेव्हा म्हणालीस का, आजी, तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून?"

आजींच्या या दोन ओळींना आधार जुना आहे, त्यांना तो ठाऊक होता की नाही मला माहीत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळं सोडून मला शरण ये असं सांगणारा ६६वा श्लोक सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच्या तीनच श्लोक आधी, ६३व्यात, कृष्ण अर्जुनाला सांगतो की हे सगळं नीट विचारात घे आणि मग तुला हवं तसं कर. शरण जा म्हणणाराच निर्णय अर्जुनाच्या हातात देतो. इस्लामच्या परंपरेत उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे : आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. तयारी केली तर देवाचा अपमान होतो हा समज धर्मग्रंथांतून आलेला नसावा. तो घाबरलेल्या माणसांकडून घाबरलेल्या माणसांकडे जातो.

नळी बसली तेव्हा क्षमता ५४ टक्के होती.

मुलाचा राग

मुलाने प्रार्थना सोडली होती. आई प्रार्थनेला बसली की तो मुद्दाम भांडी आपटत असे. एका रात्री सक्शन मशीनने वडिलांची लाळ काढता काढता त्याने त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला राग नाही येत देवाचा?" हे त्यानेच मला नंतर सांगितलं. पुठ्ठ्यावर उत्तर आलं : "येतो. रोज सांगतो त्याला."

हे ऐकून मुलगा अस्वस्थ झाला. त्याला बहुधा "नाही" हवं होतं, म्हणजे वडील भोळे आणि आपण शहाणे असं ठरवता आलं असतं.

रागावणं आणि विश्वास ठेवणं एकत्र नांदतं का, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बायबलमधला ईयोब, सर्वस्व गमावलेला एक सज्जन माणूस, पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात, ते उत्तम करतात. मग तोंड उघडून तुझंच काहीतरी चुकलं असणार असं समजावू लागतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला असं म्हणतो. आपल्याकडे तर तुकोबांनी वैतागून आपल्या लेखी देव मेला असंही म्हणून ठेवलं आहे, आणि त्यांना कुणी नास्तिक म्हणत नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं.

वेगळी आणि जास्त काळजीची गोष्ट म्हणजे देवाने टाकून दिलं असं वाटणं. पारगामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला सोडलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. त्यामुळेच मृत्यू झाला असं यातून सिद्ध होत नाही. तरी तेव्हापासून मी प्रत्येक घरात हे एकदा विचारते. सरांनाही विचारलं होतं. त्यांनी पापणी मिटली नाही, म्हणजे "नाही". ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडलं नाही. पण कळवत नाही काही."

दुसरा निर्णय

नळीनंतर वजन टिकलं. पाच महिन्यांनी रात्रीच्या श्वासासाठी मास्क आला, तो सरांनी मुकाट्याने घेतला. मग खरा कठीण प्रश्न आला : मास्कही पुरेनासा झाला की गळ्याला छेद देऊन कायमच्या व्हेंटिलेटरवर जायचं का? त्याने आयुष्य वाढतं, आजार थांबत नाही, आणि चोवीस तास कुणीतरी जागं लागतं.

आता ताईंना सगळं हवं होतं. यात विसंगती नाही. पूर्वी नळी म्हणजे हार वाटत होती, आता व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे हार वाटत होती. दोन्ही वेळा त्या चमत्काराला वेळ मिळवून देत होत्या. असं करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३४५ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००९ मध्ये आला. आजाराला तोंड देताना ज्यांची देवावर भिस्त जास्त होती त्यांच्यातल्या ११.३ टक्के रुग्णांना शेवटी व्हेंटिलेटर लावला गेला. ज्यांची कमी होती त्यांच्यात हे प्रमाण ३.६ टक्के होतं. "सगळं देवावर सोडलं" म्हणणारे यंत्रांना लवकर नकार देतील असा माझा अंदाज होता. तो उलटा निघाला.

सरांनी नको म्हटलं. कारण विचारल्यावर पुठ्ठ्यावर आलं : "इथून पुढे तो." नळीला हो, मास्कला हो, गळ्याच्या छेदाला नाही. रेघ कुठे ओढायची हे त्यांनी कसं ठरवलं ते त्यांनाच माहीत. मला अजूनही एक शंका आहे. तो शब्द श्रद्धेचा होता, की बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून एका सज्जन माणसाने काढलेली सोय होती? मी एकदा आडून विचारलं. त्यांनी डोळे बंद करून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. ते उत्तर मी हो धरू शकत होते, नाही धरू शकत होते, किंवा "तुम्हाला काय करायचंय" असंही. तिसरंच असावं.

ताईंना ते कधीच पटलं नाही. तीन आठवडे त्या माझ्याशी तुटक बोलल्या. शेवटी डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, "हे म्हणतात तसं लिहा." पटलेलं नसताना दिलेला तो होकार होता आणि मी तो तसाच नोंदवला. या खेपेला कारणाची जागा रिकामी ठेवली.

त्या काळात त्यांची प्रार्थना आखडत गेली. हा शब्द त्यांचाच. आधी "बरं कर", मग "चालतं ठेव", मग "आजची रात्र श्वास नीट लागू दे". मला वाटलं हे खचणं आहे. त्या म्हणाल्या, आधीचं मागताना उत्तराची वाट बघत बसावी लागायची, आता रोज सकाळी कळतं.

सर नळी बसवल्यानंतर चौदा महिन्यांनी गेले. घरी, पहाटे, मास्क लावलेला असताना. मुलगा जवळ होता. ताई शेजारच्या खोलीत प्रार्थनेला बसल्या होत्या आणि मुलाने त्यांना मध्येच उठवलं नाही, संपल्यावर सांगितलं. त्यावरून पुढे दोघांचं मोठं भांडण झालं. ते मिटलं की नाही मला माहीत नाही.

सहा आठवड्यांनी मी सक्शन मशीन परत न्यायला गेले. हॉकिंगचा फोटो अजून भिंतीवर होता. पहाटे अजून जाग येते, ताई म्हणाल्या, पण काय मागायचं ते सुचत नाही, नुसती बसून राहते. मंडळाच्या बायका येतात. गोष्ट सांगणाऱ्या बाईही येतात, त्यांच्याशी बोलते, पण त्या गोष्टी सांगू लागल्या की उठून आत जाते. मुलगा प्रार्थना करत नाही. मशीन मात्र त्याने पुसून, नळ्या उकळून, पिशवीत भरून ठेवलं होतं.

मी निघाले तेव्हा ताईंनी विचारलं, "हे आता कुणाकडे जाणार?"

नाव सांगता येणार नाही, मी म्हटलं.

"नाव नको. बाई आहे की पुरुष, तेवढं."

बाई, म्हटलं. दोन लहान मुलं आहेत.

त्यांनी मान हलवली. मी जिना उतरायला लागले तेव्हा वरून हाक आली.

"नळी बसवली का तिला?"